ऐच्छिक

एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या अर्जात एक रकाना होता: 'ऐच्छिक विषय'. ऐच्छिक म्हणजे इच्छेप्रमाणे. माझी इच्छा अशी होती की हा रकानाच नसावा. तशी सोय अर्जात नव्हती.

मी तिरोडीचा. जिल्हा बालाघाट, राज्य मध्य प्रदेश, घरात मराठी, शाळेत हिंदी आणि पुढच्या शिक्षणाला नागपूर. त्यामुळे एम.ए.चं पहिलं वर्ष अर्थशास्त्रापेक्षा भाषांतरातच जास्त गेलं. 'मांग और पूर्ति'चं 'मागणी आणि पुरवठा' झालं. 'लगान'ला इकडे 'खंड' म्हणतात हे कळलं तेव्हा आपण चुकून भूगोलाच्या तासाला बसलोय असं वाटलं. 'अवसर लागत'चा मात्र 'संधी-खर्च' झाला आणि ती कल्पना एकदम घरची वाटली. निदान तिच्यातला खर्च तरी. संधी तेवढी परकी राहिली.

अर्ज खिशात घालून गावी निघालो. तुमसर रोडला गाडी बदलली, गोबरवाही मागे पडलं आणि तिरोडी आली. गावात शिरताच बातमी फुटली की पोराला विषय निवडायचा आहे. निवडणुकीत मत मागावं लागतं, इथे लोक आपणहून देत होते.

बाबा मँगनीजच्या खदानीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "श्रम अर्थशास्त्र घे. जन्मभर श्रम आम्ही केले, अर्थ काय निघाला ते तू शोध."

मामा धानवाले. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ते स्वतःला अर्धे आंतरराष्ट्रीय समजतात. "कृषी घे. नाव झालं, आता भाव कधी होते ते सांग." किराणा दुकानदाराचं मत बँकिंगकडे होतं, म्हणजे उद्या कर्जासाठी ओळख राहील. आई म्हणाली, "ज्यात पास होशील ते घे." आणि बालमित्रानं सगळ्यात शास्त्रशुद्ध सल्ला दिला: "ज्याच्या नोट्स मिळतात तो घे बे. काहून डोकं खपवतो?"

संध्याकाळी फिरत फिरत खदानीच्या बाजूला गेलो. आमची खदान उघडी. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जातो. मँगनीजचा एक काळा दगड उचलला, तळहात काळा झाला आणि अभ्यासक्रम आठवू लागला.

हा दगड कोणत्या पेपरात बसतो? पोलाद बनवायला मँगनीज लागतं, टॉर्चच्या सेलमध्येही त्याचंच संयुग असतं. म्हणून हे औद्योगिक अर्थशास्त्र. पण 1896 मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांतात मँगनीज शोधायला सिंडिकेट काढलं ते माल परदेशी नेण्यासाठी. 1933 मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं त्यामागेही याच मुलखाचं मँगनीज होतं. मग आंतरराष्ट्रीय व्यापार झाला. 1962 मध्ये मॉइल ही मँगनीज कंपनी स्थापन झाली आणि 1977 मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. म्हणजे सार्वजनिक उपक्रम. 1956 मध्ये राज्यं नव्यानं आखली तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर पलीकडे गेलं. आज दगड तिरोडीचा, रॉयल्टी भोपाळची आणि कंपनीचं मुख्यालय नागपुरात. हा सार्वजनिक आयव्ययाचा वीस गुणांचा प्रश्न. डोंगर गेला, जंगल हटलं, मोहा-तेंदू लांब गेले, हे पर्यावरण अर्थशास्त्र. आणि दगड फोडणारे हात आमच्या गल्लीतले. बाबांचा पेपर.

एका दगडात अख्खी प्रश्नपत्रिका, आणि मला त्यातला एकच प्रश्न सोडवायचा होता.

थोरामोठ्यांनी काय केलं म्हणून डॉ. आंबेडकरांकडे पाहिलं. 1915 मध्ये कोलंबियात एम.ए. करताना ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्त. 1918 मध्ये शेतजमिनीच्या तुकड्यांवर लेख. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ. 1925 मध्ये प्रांतिक वित्तावर. या माणसाला 'एकच रकाना भरा' असं सांगायची हिंमत कोणत्या कारकुनाची झाली असती? पण मी आंबेडकर नव्हतो, आणि अर्ज भरायची मुदत सोमवारी संपत होती.

तेवढ्यात बाबा मागून आले. खदानीकडे पाहत म्हणाले, "एक टन दगडासाठी आधी किती माती टाकावी लागते, माहीत आहे? माती टाकायची भीती वाटली की खदान उघडतच नाही."

संधी-खर्चाची यापेक्षा सोपी व्याख्या मला वर्गात कुणी सांगितली नव्हती. मी इतके दिवस काय घ्यावं यातच अडकलो होतो. खरं दुखणं होतं काय टाकावं याचं. धान टाकायचं, बंदर टाकायचं, रॉयल्टी टाकायची, तेव्हा कुठे एक विषय खणता येतो.

"पण टाकलेलं वायाच जातं नं?" मी विचारलं.

बाबांनी दूरच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "हलका माल म्हणून आधी फेकलेला दगड पुढे भाव चढला की वेचून विकतात. फक्त ढीग कुठे टाकला ते ध्यानात पाहिजे."

सोमवारी मी 'श्रम अर्थशास्त्र' लिहिलं. बाबांचा मान राखला असं घरी सगळ्यांना वाटलं. खरं म्हणजे त्याच्या नोट्सही मिळत होत्या.

असा अर्ज आज ज्यांच्या हातात असेल त्यांना माझं एकच सांगणं: रकाना निश्चिंत भरा, एकच भरा. आणि बाकीचे विषय कोणत्या ढिगात टाकले ते कुठेतरी लिहून ठेवा. भाव कधी चढेल ते अर्थशास्त्रालाही सांगता येत नाही.