अधिकृत सेवा केंद्रास अनावृत पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
अधिकृत सेवा केंद्र
(कंपनीचे नाव मुद्दाम गाळले आहे, वाचकांनी आपापल्या घरातले घालून घ्यावे.)

विषय : वॉशिंग मशीनमध्ये तुंबलेले पाणी व आपण त्यावर सुचवलेला इलाज.

महोदय,

आमच्या फ्रंट लोड मशीनमधले पाणी उपसले जाईना, म्हणून आपल्याकडे तक्रार नोंदवली होती. काचेच्या दारामागे करड्या पाण्यात चादरी बुडालेल्या, दार लॉक आणि तळातून पंपाची नुसती घुंईऽऽ. आपला माणूस आला. त्याने पडद्यावरचा कोड वाचला आणि मशीनला बोटही न लावता सांगितले, "पीसीबी गेलंय." नाडीसुद्धा न बघता रोग सांगणारे असे धन्वंतरी आपण पदरी बाळगता, याबद्दल आपले अभिनंदन.

पीसीबी म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्याची किंमत ऐकून आमचा चेहरा पडला, तेव्हा त्याने लगेच मार्गही दाखवला : "त्यापेक्षा नवीनच घ्या ना काका, एक्स्चेंजमध्ये बसवून देतो." मग व्हिजिट चार्ज घेतला, ओटीपी घेतला आणि दहापैकी दहा द्यायची आठवण करून तो गेला. आम्ही दिले. आत्मविश्वासाचे गुण कापायचे कसे?

एक शंका मात्र राहिली. पंप गुणगुणत होता, म्हणजे बोर्ड त्याला वीज देत होता. गेलेला बोर्ड वीज कशी देतो, हे आपल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असाल, तर आमचेही नाव घालून घ्यावे. फी भरू.

तोवर आपल्या माणसाला घाईत जे दिसले नाही, ते कळवतो. मशीनच्या पुढच्या बाजूला, अगदी खाली कोपऱ्यात, तळहाताएवढे एक झाकण असते. प्लग काढला, झाकणाखाली परात सरकवली आणि आतला फिल्टर हळूहळू सैल केला. पाणी निथळल्यावर बाहेर आले : एक हेअरपिन, शर्टाचे बटण, दोऱ्यांचा बोळा आणि एक रुपयाचे नाणे. नाणे व्हिजिट चार्जमध्ये वळते करून घेता येत असेल तर पाठवून देतो.

फिल्टरच्या मागे पंपाचे पाते असते. धडधाकट पंपाचे पाते बोटाने फिरवले तर अडखळत, झटके देत फिरते, कारण आत चुंबक असतो. आमचे गरगर मोकाट फिरले. चुंबक आणि पाते यांचा सांधा तुटला होता. मोटर आत चालू, पाणी जागच्या जागी. तांब्याच्या तारेचे वेटोळे, चुंबक आणि पाते, एवढाच या पंपाचा संसार. वीज खातो साधारण 30 वॅट.

नवा पंप गल्लीतल्या मेकॅनिकने जुन्याच्या लेबलशी ताडून आणला. मशीन मागे कलते केले, वायरीचे कनेक्टर काढले, पाइपाची क्लिप पकडीने सैल केली, स्क्रू फिरवले, नवा बसवला आणि रिकामे मशीन चालवून गळती पाहिली. पंप हजाराच्या आत आला. त्याने ना ओटीपी मागितला, ना गुण. चहा मात्र मागितला.

मशीनवर आपणच चिकटवलेला 'मोटरची 10 वर्षे वॉरंटी' हा स्टिकर आम्ही अजून काढलेला नाही. पंपातही मोटरच असते, पण ती स्टिकरवरची मोटर नव्हे, हे कॉल सेंटरच्या ताईंनी फार गोड आवाजात समजावले.

युरोपीय संघाचे लोक याबाबतीत अगदीच अरसिक. तिथे 1 मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, त्यात पंपही आला, मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान 10 वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना पुरवावे लागतात आणि तेही कामाच्या 15 दिवसांत. आपल्या देशात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. तिथे चक्कर मारावी. वाटल्यास ओटीपी आम्ही देऊ.

कळावे, लोभ आहेच. तो आमच्या मशीनवर न राहता दुरुस्तीवर असावा, ही विनंती.

आपला,
(अजून जुनेच मशीन वापरणारा) एक ग्राहक

ता. क. : हे वाचकांसाठी. मशीन पाणी सोडत नसेल, तर बोर्डाच्या कोटेशनला हो म्हणण्याआधी प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या आणि खालचे झाकण उघडून पाहा. पंप गेलाच असेल तर पंपच बदला. आणि न बिघडलेल्या भागाचे बिल कोणी हातात ठेवलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915.