पत्रावळीचा उद्योजक

२०१८ साली राज्याने थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली. २०२२ च्या १ जुलैपासून प्लास्टिकच्या ताट-पेल्यांवर देशभर बंदी आली आणि आमच्या पुतण्याला निसर्गाचा कळवळा आला. त्याने कर्ज काढून मशीन घेतलं. काम सोपं: पोफळीची गळलेली विरी धुवायची, भिजवायची, तापलेल्या साच्यात दाबायची, की ताट तयार. आजी पळसाची पानं काड्यांनी टाचून पत्रावळी करायची. तिला कुणी उद्योजक म्हटलं नाही, कर्ज तर दूरच.

केटररने ताट उलटंसुलटं पाहिलं. ‘‘वा! संस्कृती! पण बंदी असलेलं याहून स्वस्त पडतं हो.’’ बंदी घातलेला माल कुठल्या गल्लीत मिळतो, हे त्यानेच समजावून सांगितलं. एका लग्नात मात्र शंभर ताटं खपली. फोटो काढायच्या पंगतीला. बाकी वऱ्हाड नेहमीच्या ताटांत जेवलं.

मग पावसाळा आला आणि गोदामातल्या ताटांवर बुरशी. आता प्रत्येक ताट घट्ट गुंडाळलेलं येतं. अर्थात प्लास्टिकमध्ये. वर हिरव्या पानाचं चित्र.