दाजी आणि साडेसदुसष्ट टीएमसी समुद्र

सांगलीला समुद्र नाही, हे चौथीच्या भूगोलात पोरांकडून घोकून घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. तरीही एका रविवारी विश्रामबागेतल्या एका हॉटेलच्या गारढोण हॉलमध्ये समुद्रकिनारा विक्रीला होता आणि तो बघायला मी साताऱ्याहून गेलो होतो. बोलावणं दाजींचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग, मळ्यात बेदाण्याचं शेड आणि पंचक्रोशीत कुणी गुंठाभर रान काढलं तरी पहिली कुणकुण ह्यांनाच. फोनवर म्हणाले, "मास्तर, परदेशात समुद्राकडंला फ्लॅट घ्यायचा म्हंतोय. इंग्रजी कागुद वाचायला घरचं मानूस पायजे. या."

हॉलमध्ये टाय लावलेला एक मुलगा होता. मूळचा मिरजेचा, पण बोलणं पुण्यात धुऊन आणलेलं. त्यानं पडद्यावर बाटुमी दाखवलं. जॉर्जिया नावाच्या देशातलं, काळ्या समुद्राच्या काठचं शहर. उंच इमारती, निळं पाणी, सायकलवरून जाणाऱ्या गोऱ्या बाया. "सर, युरोपच्या दारात सी-फेसिंग फ्लॅट, आणि तोही तासगाव स्टँडजवळच्या गाळ्यापेक्षा स्वस्त!" गाळ्याचं नाव निघताच मागच्या रांगेतली माणसं सावरून बसली. बाटुमी महाग वाटत असेल तर उत्तरेला कोबुलेती म्हणून गाव आहे, असंही त्यानं सुचवलं. हॉलमध्ये ते नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं. "म्हणूनच स्वस्त आहे सर," मुलगा म्हणाला. हा मुद्दा मात्र सगळ्यांना पटला.

दाजींची पहिली शंका अगदी मुळावरची होती. "तितं विट्याचं कोन गलाईवालं हाय का?"

मुलाला प्रश्न कळला नाही. मिरजेचा असून कळू नये, याचं दाजींना वाईट वाटलं. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. केरळातल्या सराफकट्ट्यात जा, पंजाबात जा, भट्टीपुढं बसलेला माणूस "कुटलं म्हनायचं तुमी?" असं विचारतो. तेव्हा ज्या गावात आपला गलाईवाला अजून पोचलेला नाही, त्या गावात काहीतरी खोट असणार, असं दाजींचं गणित.

फ्लॅट अठ्ठावीस चौरस मीटरचा. दाजींनी मोबाईलवर आकडे दाबले आणि भर सभेत जाहीर केलं, "पाव गुंठ्याच्या जरा वर. माज्या दोन जर्शा ह्यात बसायच्या न्हाईत." मग कळलं की हा भाव 'ब्लॅक फ्रेम'चा. तिकडं फ्लॅट अवस्थेनुसार विकतात. ब्लॅक फ्रेम म्हणजे नुसत्या भिंती, खिडक्या आणि दार. गिलावा, वायरिंग, फरशी सगळं घेणाऱ्यानं बघायचं. काम पुढं गेलं की ग्रीन किंवा व्हाइट. पडद्यावरची ब्लॅक फ्रेम हुबेहूब आमच्याकडच्या दुसरा हप्ता अडकलेल्या घरकुलासारखी दिसत होती. आणखी एक गोष्ट मुलानं जाता जाता सांगून टाकली. बाटुमीच्या किनाऱ्याला वाळू नाही, गोटे आहेत. इतका वेळ गप्प बसलेली अक्का तेव्हा बोलली, "गोटंच बगायचं तर किस्नंला काय धाड भरलीय?"

पावसाची चौकशी झाली. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, हे मीच शोधून सांगितलं. हॉलमध्ये शांतता पसरली. द्राक्षवाल्यापुढं पावसाचा आकडा असा एकदम काढू नये. "यवढ्या पावसात दावन्या येनारच," दाजी म्हणाले. मुलगा हात जोडून म्हणाला, "सर, फ्लॅटला दावण्या येत नाही."

शेवटी त्यानं ठेवणीतलं अस्त्र काढलं. जॉर्जियात आठ हजार वर्षांपासून द्राक्षाची वाइन करतात. मातीचे मोठाले रांजण जमिनीत पुरून त्यात रस मुरवतात. २०१३ साली युनेस्कोनं या पद्धतीची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून दखल घेतली. दाजी उठून उभेच राहिले. "आट हजार वर्सं? मग छाटनी कवा घेत्यात? खोडकिड्याला काय मारत्यात? आन दर?" मुलाकडं यातलं काही नव्हतं, त्याच्याकडं फक्त स्विमिंग पूल होता. "मग फ्लॅट ऱ्हाऊ द्या," दाजी म्हणाले, "बाग कुटं मिळंल ती सांगा." पण शेतजमीन परक्या माणसाला घेता येत नाही, तसं तिथल्या राज्यघटनेतच २०१८ पासून लिहून ठेवलंय. दाजी खाली बसले. बराच वेळ विचार करून म्हणाले, "बरोबर हाय त्येंचं."

उरलं पैसे पाठवण्याचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर धाडता येते आणि त्यातून तिकडं घरही घेता येतं. मात्र एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस आधीच भरून घेतात. तो पुढं आयकराच्या हिशेबात जमा धरतात, हे मी दाजींना तीनतीनदा सांगितलं. पण सौद्याला बॉक्स फोडून उधळलेला बेदाणा, तूट, अडत, हमाली हे सगळं सोसून बसलेल्या माणसाला 'आधी कापतात, मग देतात' यातलं दुसरं वाक्य ऐकू येत नाही.

बाहेर पडल्यावर अक्कानं गाडी गणपतीच्या देवळाकडं वळवायला लावली. देवळात दर्शन घेताना मला मास्तरकीची उबळ आली. सांगलीचे संस्थानिक पटवर्धन मूळचे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. मूळपुरुष हरभट गणपतीपुळ्याच्या गणपतीचे भक्त. ते घाट चढून आले, इचलकरंजीच्या घोरपड्यांकडं उपाध्येपण केलं आणि पुढच्या पिढ्यांनी मिरज, सांगली, तासगाव सगळं नावावर केलं. साताऱ्याचीही तीच तऱ्हा. श्रीवर्धनच्या ऐन समुद्रकाठचे बाळाजी विश्वनाथ भट वर आले आणि १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. समुद्राकाठची शहाणी माणसं तीनशे वर्षांपूर्वीच घाटावर जागा बघायला आली. त्यांतल्या एकानंही वर येऊन सी-व्ह्यू मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

"मग समुद्रात कायतरी वंगाळ आसनार," अक्का म्हणाली. "लांबचा घ्यायच्या आदी जवळचा बगून या की. कोकनात न्हाई व्हय समुद्र?"

दाजींना हे पटलं. द्राक्षाचे घड बघितल्याशिवाय प्लॉटचा सौदा करायचा नाही हा त्यांचा धर्मच. मे महिन्यात बेदाणा कोल्ड स्टोरेजला जाऊन पडला आणि आम्ही निघालो. मी साताऱ्याहून एस्टीनं कराडला, तिथून दाजींच्या बोलेरोत. मागच्या सीटवर अक्का, तिच्या मांडीवर भाकरी-खर्ड्याचं गाठोडं, पायाशी भडंगाचा डबा आणि पाण्याचे दोन कॅन. "समुद्राचं पानी पित न्हाईत, ठावं हाय मला," ती म्हणाली.

मल्हारपेठ, पाटण मागं पडलं. कोयनानगर आलं तसे दाजी गप्प झाले. मग म्हणाले, "मास्तर, हितलं पानी कुटं जातंय?" हे त्यांना माहीत होतं, पण खपली काढायची होती. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पाणी खाली पोफळीकडं पडतं, वीज तयार होते आणि तेच पाणी वाशिष्ठी नदीत जातं. कृष्णा लवादानं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. "साडेसदुसष्ट!" दाजींनी स्टेअरिंगवर थाप मारली. "हितं आमी टेंबू योजनेच्या आवर्तनाची वाट बगत फोन करकरून मरतोय, आन हे चाल्लंय फुकट समुद्रात!" फुकट नाही, वीज होते, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण पुढं कुंभार्ली घाट होता आणि गाडी दाजी चालवत होते.

घाट उतरताना गारवा वरच राहिला. पोफळीच्या खाली सदरा पाठीला चिकटला, चिपळुणात दाजींनी टोपी काढली, मार्गताम्हाण्याला बनियनवर आले आणि शृंगारतळीत "हितं बेदाना वाळायचा न्हाई," असा कोकणावरचा अंतिम निकाल देऊन मोकळे झाले.

गुहागरात व्याडेश्वराला हात जोडून आम्ही पुढं एका लहान गावात गेलो. गावाचं नाव सांगत नाही, भाव चढतील. जागेचे मालक आप्पा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला आपादमस्तक पाहिलं. "घाटावरचे ना? वाटलंच. बसा, कोकम घ्या." विकायची घाई आहे असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. विकायची इच्छा आहे असंही वाटत नव्हतं.

जागा मात्र खरोखर देखणी. घरामागं पोफळी, मग नारळ, मग सुरूची रांग आणि तिच्यापलीकडं थेट समुद्र. किंमतही दाजींच्या बेताची. सातबारा हातात आला. दाजींनी तो उजेडाला धरला, मग नावं मोजायला लागले आणि मध्येच चष्मा पुसला.

"एकतीस आहेत," आप्पा म्हणाले. "त्यातले अकरा वर गेलेत, त्यांचे वारस लागायचेत. बाकीचे मुंबईला. गणपतीत सगळे येतात, तेव्हा सह्या मिळतील."

"मग गनपतीत येतो."

"या हो. पण गणपतीत जमिनीचं बोलायचं नाही असं आमच्याकडे ठरलंय. भांडणं होतात."

मग सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा नियम, निघाला. गावठाणाबाहेर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही. १९९१ साली पहिली अधिसूचना आली, २०११ ला दुसरी, २०१९ च्या तिसरीत दाट वस्तीच्या गावांना सूट मिळाली. आप्पांचं गाव दाट नव्हतं. असतं तर आम्ही तरी कशाला गेलो असतो? दाजींनी पावलं टाकून मोजलं. दोनशे मीटर संपले तेव्हा ते आप्पांच्या अंगणातून बाहेर पडून शेजाऱ्याच्या गोठ्यात उभे होते.

"आन ह्याचा बांद कुटाय?" त्यांनी समुद्राच्या बाजूला बोट केलं.

"बांध कसला? पूर्वी त्या होडीपाशी हद्द होती. आता आत आली."

दाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी सख्ख्या चुलतभावाशी दीड हात बांधावरून कोर्टात तारखा केल्यात. नांगर धरून बांध कोरणारा भाऊबंद ओळखता येतो, त्याच्यावर केस टाकता येते, लग्नात त्याला मानपान नाकारता येतो. इथं दिवसातून दोनदा बांध कोरणारा हा शेजारी, त्याला नोटीस द्यायची कशी? "मोजनी आनली तर?" त्यांनी हळूच विचारलं. "भरतीला आणायची की ओहोटीला?" आप्पांनी विचारलं.

या सगळ्यात मला उगाच धीर आला. म्हटलं, मोठी नको, शेजारचे ते कोपऱ्यातले पाच गुंठे मी घेतो. आप्पांनी नम्रपणे विचारलं, "आपण शेतकरी?" मी मास्तर. वडील मास्तर. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याच्या कलम ६३ खाली आधी परवानगी लागते, शिवाय तुकडेबंदीमुळं एवढीशी जमीन तोडून मिळत नाही. दाजींनी माझ्याकडं बघितलं. जॉर्जियाची राज्यघटना ऐकल्यापासून त्यांना कुणीतरी सोबती हवाच होता.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. दाजींनी मूठभर वाळू उचलली, तळव्यावर पसरली, बोटानं चाळली, फुंकर मारली, एक खडा दाताखाली धरून पाहिला आणि थुंकले. "ओल लई हाय." अक्का लुगड्याचा काचा आवळून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली होती आणि लाट आली की तिला मागं सरकायला सांगत होती.

"वाशिष्टी कुटं मिळती?" दाजींनी विचारलं.

आप्पांनी उत्तरेला हात केला. तिकडं अंजनवेल, तिथं दाभोळच्या खाडीचं तोंड.

"म्हंजे आमचं साडेसदुसष्ट टीएमसी तितं पडतंय. दर साली. हितल्या पान्यात आमचा हिस्सा लागतोय, आप्पा!"

"लावून घ्या," आप्पा म्हणाले. "बत्तिसावं नाव." मग अंजनवेलकडं बघतच म्हणाले, "तिथंही परदेशी येऊन समुद्रकाठची जागा घेतली होती हो कुणी. ती अमेरिकेतली एन्रॉन. ९९ साली वीज काढली, २००१ साली प्रकल्प बंद आणि त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं. तुम्ही निदान भाकऱ्या घेऊन आलात."

रात्री ओटीवर भडंग खाताना आप्पा जरा मोकळे झाले. माकडं नारळ ठेवत नाहीत, गड्याला बोलवावं तर तो पुण्याला गेलेला, मुलगा म्हणतो इथं काही राम नाही. झोपाळा थांबवून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे गुंठ्याला काय भाव चाललाय हो?"

दाजींच्या हातातली भडंगाची मूठ तशीच राहिली. दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा चढवला आणि आप्पांच्या शेजारी झोपाळ्यावर जाऊन बसले. "हे बगा. रोडटच. हीर हाय, टेंबूचं पानी हाय. समुद्र न्हाई, आदीच सांगतो." त्यांनी बोटानं सातबारा मोठा केला. "पर भरतीरेषाबी न्हाई. आन नाव एकच. माजं."