डॉक्टरांची गाडी

जुन्या गाड्यांचा दलाल गाडी विकत नाही. गाडीचा आधीचा मालक विकतो. कराडजवळच्या मलकापुरात त्याला हे फार सोपं जातं. इथं कृष्णा हॉस्पिटल, त्याच्या जोडीला मेडिकल कॉलेज, त्यामुळं डॉक्टर मुबलक. हायवेकडेच्या कुठल्याही पत्र्याच्या शेडखाली जाऊन बोट दाखवा, ती गाडी डॉक्टरांचीच निघते. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, बास. उरलेल्या एक तर शाळेतल्या बाईंच्या, नाहीतर पोरगा परदेशी गेला म्हणून काढलेल्या. वडाप मारणाऱ्याची किंवा नुकतंच लायसन हातात पडलेल्या पोराची गाडी विकायला लागलेली मी आजवर पाहिलेली नाही. ही मंडळी आपल्या गाड्या बहुधा जन्मभर सांभाळतात.

उसाचा हप्ता जमा झाला आणि आमच्या दाजींना गाडीचे डोहाळे लागले. त्यांनी मला बरोबर घेतलं, कारण माझ्या मोबाइलात परिवहनचं अ‍ॅप आहे. आबांना, म्हणजे दाजींच्या वडिलांना, कुणीच घेतलं नव्हतं. ते खांद्यावर टॉवेल टाकून आमच्या आधीच ढेबेवाडी फाट्यावर येऊन थांबले होते. आबांनी उमेदीत पुसेगावच्या आणि खरसुंडीच्या बाजारात खिलार बैलांची घेवदेव केलेली. चारचाकीतलं त्यांना काही कळत नाही, असं घरात सगळ्यांचं एकमत होतं.

दलाल तिशीतला, पांढऱ्या बुटातला. पांढरी डिझेल गाडी दाखवून म्हणाला, "डॉक्टरांची हाय साहेब. सिंगल हँड. निव्वळ मक्खन."

मीटरवर अडतीस हजार. आमच्या मलकापुरात चोवीस तास पाणी येतं आणि ते मीटरवर मोजून येतं. त्या मीटरबद्दल कुणाची कुरकुर असलीच तर ते फार पुढं पळतं एवढीच. गाडीच्या मीटरला मागंही पळता येतं. पूर्वी त्यासाठी डॅशबोर्ड खोलून आकड्यांची चाकं फिरवत बसावं लागे. आता स्टिअरिंगखालच्या सॉकेटात तळहाताएवढं यंत्र खुपसलं की चहा येईस्तोवर लाखभर किलोमीटर घडलेच नव्हते असं होतं. पण क्लचच्या पेडलला कुणी यंत्र लावत नाही. त्यावरच्या रबराच्या रेघा पार झिजून मधोमध लोखंड दिसायला लागलं होतं. मी ते दाखवलं, तर दलाल म्हणाला, "डॉक्टरांचा पाय जड होता."

मग टेस्ट ड्राइव्ह. ती सर्व्हिस रोडलाच घ्यायची, असा त्याचा आग्रह. उड्डाणपुलाचं काम चालू असलेल्या त्या रस्त्यावर दुसऱ्या गियरच्या पुढं जायची सोय नव्हती. त्यामुळं तिसरा, चौथा आणि पाचवा गियर आहेत की नुसते मुठीवर छापलेत, हे कळायला मार्ग नाही. खड्ड्यातून पुढचं चाक खड्कन वाजलं की हा गाण्याचा आवाज वाढवायचा. "साउंड सिस्टीम डॉक्टरांनीच बसवलेली."

परत आल्यावर मी अ‍ॅपमध्ये नंबर टाकला. मालक क्रमांक चार, वर बँकेचा बोजा. "म्हंजे घरातल्या घरातच नावं फिरली, साहेब. बोजा उतरलाय, कागद यायचाय फक्त." त्याच्याकडं सह्या केलेला कोरा टीटी फॉर्म तयार होता, घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं मोकळं. जुन्या गाडीच्या बाजारातली खरी कला ही. कायद्यानं घेणाऱ्यानं ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची असते, पण कोऱ्या फॉर्मवर गाडी दोन-तीन हात सहज हिंडून येते. मधल्या काळात कुणाला उडवलं तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका खटल्यात सांगून टाकलं की, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, मालक तोच आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे विकून मोकळा झालेला बिचारा डॉक्टरच. १ एप्रिल २०२३ पासून अशा दलालांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचा नियमही आलाय. मी त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं भिंतीवरच्या गणपतीकडं पाहिलं.

एव्हाना आबा गाडीत शिरले होते. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही, इंजिनाचा आवाज ऐकला नाही. बैलाचं वय दातांवर कळतं, आदत, दुसा, चौसा, जुळलेला. पण हेडे शिंगं साळून आणि अंगाला तेल चोळून म्हाताऱ्या बैलाला नवरदेव करतात. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक जनावराचा हेड्यानं धुतलेला भाग सोडून देतं आणि धुवायचा राहिलेला भाग शोधतं. आबांनी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढायला लागले. आपण पट्टा पोटापुरताच ओढतो. आबा शेवटापर्यंत गेले. वरचा हातभर पट्टा काळाभोर, नवा. त्याखाली एक सरळ रेघ, आणि रेघेच्या पुढं सगळा पट्टा करडा, ताठ, खळ घातल्यागत. आबांनी तो चिमटीत चोळला, तसा बारीक गाळ त्यांच्या धोतरावर पडला. त्यांनी तो हुंगला.

"कृष्णंचा हाय," आबा म्हणाले.

गाडीचा नंबर एमएच-१०, म्हणजे सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कराडला कोयना कृष्णेला मिळते, दोघींचं पाणी खाली सांगलीला जातं, आणि सांगलीत बुडालेली गाडी रंगरंगोटी करून वर कराडला येते. "गाडी पाण्यातनं गेल्याली न्हाई," दलाल शपथेवर सांगत होता. त्यात खोटं काही नव्हतं. गाडी उभीच होती, पाणी तिच्यातून गेलं होतं.

जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं नेमका हाच विषय धरून एक निबंध लिहिला होता. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना पडेल भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही, आणि बाजारात खटारेच उरतात. तीन नियतकालिकांनी निबंध साभार परत केला. दोघांचं म्हणणं, यात विशेष ते काय? तिसऱ्याचं म्हणणं, हे खरं असेल तर अर्थशास्त्रच बदलावं लागेल. शेवटी १९७० साली तो छापून आला आणि २००१ साली माणसाला नोबेल मिळालं, आणखी दोघा अर्थशास्त्रज्ञांबरोबर वाटून. निबंध छापून यायच्या आधी हा गृहस्थ वर्षभर भारतात राहून गेलेला. मुद्दाम तांदळात मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे निवडत बसणाऱ्या आपल्या बायकाही त्याच्या निबंधात आहेत. पुसेगावच्या बाजारात त्याला कुणी नेलं असतं तर पहिल्या दोन नियतकालिकांचं म्हणणं त्यालाही पटलं असतं.

दलाल शेवटचा उपाय म्हणून डॉक्टरांना फोन लावतो म्हणाला. आम्हाला वाटलं, शेजारच्या पानपट्टीतला कुणीतरी बोलेल. पण फोन खरंच पहिल्या मालकाला लागला आणि तो खरोखरच डॉक्टर निघाला. जनावरांचा. घर ते दवाखाना हेही खरं होतं, फक्त दवाखाना गोठ्यागोठ्यात होता. वाळव्याकडच्या पाणंदींतून, चिखलातून, रात्री-अपरात्री गाडी घातली म्हणाले. कधी मागच्या सीटवर वासरूसुद्धा नेलं. दलालानं केलेल्या सगळ्या बडबडीत एवढीच गोष्ट खरी होती आणि तिनंच भाव पाडला. आबांनी मात्र फोन सोडला नाही. म्हैस चार दिवस वैरण खात नव्हती, त्याचं औषध विचारून घेतलं, मग म्हणाले, "डॉक्टर, गाडी घ्यावी का?"

"आबा, बुडाल्यालं जनावर म्हणून घ्या. तेवढाच भाव द्या."

दाजी निघायच्या तयारीत होते. आबांनी त्यांना थांबवलं, खांद्यावरचा टॉवेल काढला, दलालाचा उजवा हात हातात घेतला आणि वरून टॉवेल टाकला. बैलबाजारात भाव बोलत नाहीत, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगतात. दलालाला वाटलं, म्हातारा प्रेमात आला. टॉवेलाखाली बोटं एकदा दाबली गेली, मग पुन्हा. आबा त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "काय, पटतंय?"

"पटतंय की आबा! तुमच्या शब्दाभायेर हाय का मी?"

चहाच्या गाड्यावर दोन जुनी माणसं बसली होती. त्यांना ही भाषा येत होती. आबांनी त्यांच्याकडं वळून सांगितलं, "झाला सवदा. माणसांदेखत हो म्हनलाय." ती दोघंही "झाला, झाला" म्हणाली. आबांनी बंडीतून इसार म्हणून पाचशेची नोट काढून दलालाच्या हातावर ठेवली.

दलाल नोटेकडं बघत म्हणाला, "आबा, पण आकडा किती ठरला?"

"दाबला की तुज्या हातात," आबा म्हणाले. "बँकंचा बोजा उतर, आन् त्या कोऱ्या फारमावर माज्या पोराचं नाव घाल."