बटाट्याचा टॉवर

धारवाडात, मालमड्डीतल्या आमच्या कौलारू घरामागे परस होतं. विहीर, आंबा, शेवगा आणि मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू. ते सगळं आम्ही हसतखेळत बिल्डरच्या हवाली केलं, बदल्यात दोन फ्लॅट घेतले आणि आता त्याच जागेच्या गच्चीवर माती विकत आणून टाकतो आहोत. जमीन द्यायची चौरस फुटानं, परत घ्यायची किलोनं. धारवाडी हिशेब!

यंदाचं पीक बटाटा. शेजारच्या काकांनी मोबाइलवर पाहिलं: उंच पिंप घ्यायचं, तळाशी बेणं ठेवायचं, झाड वाढेल तशी वर माती चढवत जायचं. जितकी माती तितके मजले, जितके मजले तितके बटाटे. "एका पिंपातनं पन्नास किलो निघतात बघा री!" काका म्हणाले. आमचा बिल्डरही नकाशा दाखवताना याच सुरात बोलला होता.

पण बटाट्याला बिल्डरची अक्कल नाही. मातीखालच्या खोडाला आडवे फुटवे येतात, त्यांच्या टोकांना बटाटे धरतात आणि आपल्याकडच्या नेहमीच्या जातींत ते बेण्याच्या आसपास, वीतभर थरातच. वर कितीही मजले चढवा, ताबा घ्यायला कोणी येत नाही. शेतकरी भर देतो ती मजले वाढवायला नव्हे, तर बटाटा उघडा पडून हिरवा होऊ नये म्हणून. हिरव्या बटाट्यात सोलानिन वाढतं आणि ते पोटाला बाधतं.

दुसरी चूक पंचांगाची. व्हिडिओ थंड देशातला, तिथं मार्च-एप्रिल म्हणजे लावणीचा मुहूर्त. काकांनी युगादीला नारळ फोडून बेणं लावलं. रात्रीचा पारा वीस अंशांच्या खाली उतरला तर बटाटा नीट पोसतो, आणि आमच्या एप्रिलात दुपार छत्तीस-सदतीसला टेकते. त्यात खाली तापलेला स्लॅब. झाडानं फक्त पाला काढला. काकूंनी त्याचे फोटो काढले.

बहुतेक भारतात बटाटा रब्बीचा, पण धारवाड-बेळगावचा शेतकरी तो मृगाच्या पावसावर लावतो, पावसाळी गारव्याच्या भरवशावर. हे विचारायला हुबळीच्या चिगरी बसनं अमरगोळच्या बाजार आवारात उतरलं असतं तरी पुरे होतं. कृषी विद्यापीठ तर १९८६ पासून गावातच आहे. पण कन्नडमध्ये म्हणतात ना, 'हित्तल गिड मद्दल्ल', परसातलं झाड औषध नव्हे. आम्ही तर परसच ठेवलं नाही.

तिसरी गोष्ट मातीची. हुबळीकडची काळी माती कापसाची राणी, पण कुंडीत घातली की पावसात चिखल आणि उन्हात वीट. बटाट्याला भुसभुशीत जागा लागते: लाल माती, कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट.

हौसच असेल, तर जूनमध्ये फूटभर उंचीचा गादीवाफा करा, नाहीतर तळाला भोकं असलेली चाळीस लिटरची ग्रोबॅग घ्या. १९६८ पासून चालत आलेल्या कुफरी ज्योतीचं डोळे फुटलेलं बेणं आणा. दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करा, कापलेल्या बाजूला राख लावा, एका पिशवीत तीनच लावा. रोप वीतभर झालं की एकदा-दोनदा भर द्या. करपा पडला नाही, तर नव्वद-शंभर दिवसांत दोन-तीन किलो मिळतील. एवढ्यात समाधान मानणारा माणूस पिंपाच्या व्हिडिओला मात्र चालत नाही.

परवा, भर पावसात, काकांनी पिंप पालथं केलं. अख्खी सोसायटी छत्र्या घेऊन गच्चीवर. वरची तीन फूट नुसती माती. तळमजल्यावर अकरा बटाटे, गोट्यांएवढे. काकूंनी बाजारातून एक किलो आणून त्यात मिसळले, तेव्हा कुठं सगळ्यांना भाजी पुरली.

बटाटे एका जेवणात संपले, माती उरली. ती ओतायला काका लिफ्टनं खाली गेले आणि भरलेलं पिंप घेऊन तसेच वर आले. खाली कुंपणापासून कुंपणापर्यंत सिमेंटच्या फरशा. आमच्या जागेत आता माती टाकायलाही जमीन नाही.