अक्का केरळला जाऊन आल्या

अक्का केरळला जाऊन आल्या ही बातमी गल्लीत त्यांच्याआधी पोचली होती. भाऊबीज टाकून गेल्या, ही तर त्याच्याही आधी. बिलोलीचे त्यांचे भाऊ अजून फोन उचलत नाहीत म्हणे.

"म्या काय मुद्दाम केलं का वैनी? पोराला सुट्टीच तवा मिळाली. भाऊबीजेला मी शबरी एक्स्प्रेसमदी, वरच्या बर्थवर. ओवाळायचं म्हनलं तर समोर टीसी."

भिंतीच्या अलीकडे मी धुणं वाळत घालायला गेले होते. बादली तशीच राहिली. अक्का बोलायला लागल्या की आपण पिळा हातात धरून उभं राहायचं, एवढंच काम उरतं.

देगलूरकरांना केरळ लांब नाही, हे त्यांचं पहिलं म्हणणं. आणि ते खरंही आहे. आपल्याला पुण्यापेक्षा हैदराबाद निम्म्याहून जवळ. मदनूर, पिटलम, संगारेड्डी करत बस नेते, पोराच्या घरी मुक्काम, सिकंदराबादला गाडीत बसायचं, एक रात्र काढली की एर्नाकुलम. अक्कांना वाटलं होतं, आपल्याला तेलुगू येतं, तिकडं अडणार नाही. मदनूरच्या बाजारात मिरच्यांचा भाव पाडणारी ती तेलुगू पालक्काड ओलांडल्यावर कुणी ओळखलीसुद्धा नाही.

पण खरा प्रश्न भाषेचा नव्हता, निवांतपणाचा होता. आपल्याकडं प्रवास म्हणजे तिरुपती, रामेश्वर, नाहीतर पंढरपूर. पहाटे चारला थंड पाण्याची अंघोळ, दिवसात पाच देव, आणि रात्री बसमध्ये मान लुळी पडेपर्यंत झोप. पोरानं आधीच सांगून ठेवलं, "दिवसाला एकच काम. बाकी बसून राहायचं." गुरुजींना, म्हणजे अक्कांच्या मालकांना, हे झेपेना. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत तासाच्या घंटेवर उठबस केलेला माणूस. कोचीच्या पहिल्याच पहाटे पाचला टोपी घालून हॉटेलच्या काउंटरपुढं हजर. काउंटरवरचं पोरगं खुर्चीत घोरतंय.

"मंग काय केलं त्यांनी?"

"काय करतेत? त्याला उठवलं आन् इचारलं, पेपर आलाय का. पेपर आला, तो मल्याळीत. अर्धा तास चित्रं बगत बसले."

कोचीची जाळी अक्कांनी दोन वाक्यांत उरकली. चिनी जाळी म्हणतात, लाकडाचा केवढा थोरला सांगाडा, वर दगड बांधलेले, चार-पाच गडी मिळून पाण्यात सोडतात नि ओढतात, आणि हाताला येते मूठभर मासळी. वास्को द गामा 1524 मध्ये तिथंच मेला, तिथल्या चर्चमध्ये पुरला, मग पुढं त्याच्या लोकांनी उकरून पोर्तुगालला नेला, हे गुरुजींनी सांगितलं. अक्कांना त्यात फारसा रस नव्हता. त्यांना रस होता मट्टांचेरीच्या तिरुमला देवस्वमात. तिथं कोकणी बोलणारी मंडळी, गोव्याकडून पोर्तुगिजांच्या काळात गेलेली. "दोन बाया बोलत व्हत्या, कान टवकारला तर अर्धं कळलं की! एवढ्या लांब कुनीतरी आपल्यासारखं बोलतंय म्हनल्यावर मी त्यांच्या मागं मागं देवळाला चक्कर मारली. त्यांना वाटलं असंल, ही बाई चोर हाय."

आणि दिवाळी? दिवाळीच नाही! हा अक्कांना बसलेला सगळ्यात मोठा धक्का. आकाशकंदील नाही, फटाके नाहीत, दारात रांगोळी नाही. त्यांचा मोठा सण ओणम, तो केव्हाच होऊन गेलेला. समोरच्या काकू मधेच भिंतीशी येऊन म्हणाल्या, "मग बरं झालं, फराळाचा खर्च वाचला." काकूंचं असंच असतं. त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं की सगळ्या फोटोंत साड्या दोनच का दिसतात.

साड्या दोनच, कारण बॅगेत ज्वारीचं पीठ होतं. शिवाय धपाटे, शेंगांची चटणी, लोणचं आणि तव्यासकट एक लहान शेगडी, जी सूनबाईंनी हैदराबादलाच काढून ठेवली. खोबरेल तेलातली भाजी पोटात जाईना. आपण ते डोक्याला लावतो, ते लोक त्यात केळ्याचे काप तळतात. पहिले दोन दिवस अक्कांनी धपाट्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी अप्पम खाल्लं, चौथ्या दिवशी दुसरं मागितलं, आणि आता सांगतात, "तांदूळ भिजवून करून बगनार हाय मी." पाण्याची गंमत वेगळीच. जेवणाच्या टेबलावर गुलाबी रंगाचं गरम पाणी. अक्कांनी वेटरला झापलं, गंजकी टाकी हाय का तुमची? त्यानं हसत हसत लाकडाचे तुकडे आणून दाखवले. पतिमुखम. म्हणजे आपल्याकडं आयुर्वेदाच्या दुकानात पतंग म्हणून मिळतं ते लाकूड. ते घालून पाणी उकळतात. अक्कांनी पाव किलो आणलंय. काल मला पेलाभर दिलं. चव काही लागत नाही, पण रंगानं माणूस उगीच सावकाश पितो.

मुन्नारला मात्र त्या थांबल्या. चहाचे मळे म्हणजे फोटो काढायची जागा, असं सूनबाईंचं मत. अक्का मळ्याच्या कडेला उकिडव्या बसून बायांची तोडणी बघत राहिल्या. हाताला कातरी, कातरीला जोडलेली पेटी, त्यात पानं पडतात. दिवसाचं वजन ठरलेलं, त्याच्या वर तोडलं तर किलोवर जादा पैसे. "आपल्या कापसावानीच की वैनी. फकस्त आपला कापूस वेचायला वाकावं लागतंय आन् त्यांना उतारावर उभं राहावं लागतंय. गुडगे दोघींचेबी जातेत." बाया बहुतेक तमिळ, आज्या-पणज्यांपासून तिथंच राहणाऱ्या. गुरुजींनी माहिती काढली होती की 2015 च्या सप्टेंबरात याच बायांनी बोनस कापला म्हणून मुन्नारचा रस्ता अडवला, युनियनच्या पुढाऱ्यांना जवळ येऊ दिलं नाही, आणि वीस टक्के बोनस घेऊनच उठल्या. आपल्या लढ्याला त्यांनी नाव दिलं पेंबिळै ओरुमै, म्हणजे बायांची एकी. हे ऐकल्यावर अक्का त्या बायांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. एकीला त्यांनी शेंगांची चटणी दिली. तिनं चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळी पुडी ठेवून घेतली.

दुपार झाली की रोज पाऊस. जूनचा पाऊस वेगळा, दिवाळीच्या सुमाराचा हा दुसरा, विजांचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो तिथं. आपल्याकडं चांगलं साल असलं तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाला पोचतो.

मग थेक्कडी. वेलदोडा झाडाच्या बुडाशी लागतो, मातीला टेकून, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. मिरीचा वेल दुसऱ्या झाडावर चढतो. असो. थेक्कडीच्या तळ्यात नाव फिरवतात, काठावर हत्ती, गवे दिसतात, वाघ फक्त पाटीवर. पण अक्कांनी हत्तीपेक्षा जास्त वेळ सांगितलं ते पाण्यात उभ्या असलेल्या काळ्या खोडांबद्दल. सव्वाशे वर्षांपूर्वी मुल्लपेरियार धरण झालं, जंगल बुडालं, झाडं मेली, खोडं तशीच उभी. धरण 1895 चं. आणि त्याची भानगड ऐकून गुरुजी म्हणे नावेतच उठून उभे राहिले.

"धरन केरळात. चालवनार तमिळनाडू. पानी डोंगरातून बोगदा पाडून तमिळनाडूला. आन् करार किती वर्षांचा सांगा बरं?"

"नव्व्याण्णव?"

"नऊशे नव्व्याण्णव!"

काकूंनीसुद्धा तोंडावर हात ठेवला. 1886 साली त्रावणकोरच्या महाराजांनी इंग्रजांच्या मद्रास सरकारला दिलेला पट्टा, एकराला वर्षाकाठी पाच रुपये भाडं. पुढं 1970 मध्ये वाढवलं, पण मुदत तीच. केरळवाले म्हणतात, धरण म्हातारं झालं, फुटलं तर आम्ही वाहून जाऊ. तमिळनाडू म्हणतं, भक्कम आहे, आमची शेती त्याच्यावर. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये 142 फुटांपर्यंत पाणी साठवायला परवानगी दिली, तरी धुसफूस चालूच.

गुरुजी उभे का राहिले ते नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. आपली बाभळी. बंधारा महाराष्ट्राच्या पैशानं, महाराष्ट्राच्या गोदावरीवर, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, ऐन पाण्याच्या दिवसांत, कारण खाली तेलंगणाचं पोचमपाड धरण. 2013 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. दारं टाकायची ती पावसाळा सरल्यावर, आणि 1 मार्चला त्यातलंही थोडं खाली सोडायचं. गुरुजींनी नावेतल्या तमिळ कुटुंबाला हिंदीत बाभळी समजावून सांगितली. त्यांना हिंदी येत नव्हतं. तरी त्या कुटुंबातले आजोबा मान डोलावत होते म्हणे, कारण धरणाचं भांडण हातवाऱ्यावरूनसुद्धा कळतं. (अक्कांच्या बोअरची नळी आमच्या हौदात येते. त्याचा करार तोंडी आहे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकला तरी पुष्कळ.)

अलप्पुळाची हाउसबोट हा सगळ्या प्रवासाचा कळस, पैशानं आणि गप्पांनी दोन्ही. पूर्वी या नावा भात वाहायच्या. फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्यानं शिवलेल्या. आता त्यावर खोल्या, पलंग, एसी, आणि एक आचारी. अक्का पाच मिनिटं आरामखुर्चीत बसल्या आणि उठून थेट आचाऱ्याच्या मागं. त्यानं स्टूल दिलं. मग सगळा प्रवास त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त त्यांनाच दिसलं.

"वैनी, नाव वर आन् शेत खाली!"

हे मला कळावं म्हणून अक्कांनी चित्र काढून दाखवलं, धुण्याच्या साबणानं भिंतीवर. कुट्टनाडचं भात समुद्राच्या पातळीखाली पिकतं, कुठं कुठं दीड-दोन मीटर खाली. भोवती बांध. पावसाळ्यात सगळं बुडतं, मग दिवाळीच्या सुमाराला पंप लावून शेतातलं पाणी बाहेर कालव्यात फेकतात, आणि मग पेरा. अक्कांच्या डोळ्यांदेखत चालू होतं ते. आपण विहिरीत मोटर टाकून शेतात पाणी आणायचं, त्यासाठी लाइट कधी येते म्हणून रात्री जागायचं. ते लोक शेतातलं पाणी काढायला मोटर लावतात. "आमच्या यांनी तर कपाळाला हात लावला. म्हनले, देवानं वाटप करताना देगलूरचं आन् इथलं पाकीट बदललं वाटतं."

पण त्याच आचाऱ्याला अक्कांनी विचारलं, बाबा, प्यायचं पाणी कुठलं? त्यानं कोपऱ्यातला वीस लिटरचा जार दाखवला. विकतचा. आजूबाजूला नजर जाईल तिथं पाणी, आणि त्यातलं पिण्याजोगं नाही. उन्हाळ्यात समुद्राचं खारं आत शिरतं, शेतातली खतं-औषधं उतरतात, नावांची घाण आहेच. आतल्या वस्त्यांवर बाया घागरी घेऊन काठाला थांबतात, कारण पाणी नावेतून येतं.

"नावेनं टँकर येतंय वैनी, नावेनं!" हे सांगताना अक्का इतक्या खूश होत्या, की मला कळेना हसावं की काय करावं. दुसऱ्याच्या दारातली आपली अडचण बघून बाईला हलकं वाटतं, एवढं खरं.

संध्याकाळी साडेपाचला नाव काठाला लावतात. रात्री मासेवाले जाळी टाकतात, त्यांच्या पोटावर पाय नको. सूनबाई रुसली, म्हणे चांदण्यात फिरायचं होतं. अक्कांना नियम पटला. शेतातून मोटरसायकल घालणाऱ्यांना त्या इथंही तेच सांगतात.

तिरुवनंतपुरम मी थोडक्यात सांगते, कारण त्यातली खरी गोष्ट गुरुजींच्या पोटाची आहे. पद्मनाभस्वामीच्या देवळात पुरुषांनी धोतर नेसून, वर उघडं जायचं. गुरुजींनी चाळीस वर्षांत गल्लीला बनियनसुद्धा दाखवलं नव्हतं. बाहेर एक तास वाद. शेवटी उपरणं छातीशी धरून गेले, आणि आत बघतात तर सगळेच तसे, आणि कित्येकांची पोटं त्यांच्याहून मोठी. देव एवढा लांबलचक निजलेला की तीन दारांतून बघावा लागतो. एका दारात मुख, मधल्या दारात नाभीतलं कमळ, तिसऱ्यात पाय. 2011 मध्ये ज्याची तळघरं उघडली तोच हा देव. अक्का म्हणाल्या, सोनं काही दिसलं नाही, रांगेत ढकलाढकली आपल्यासारखीच. शहरातल्या चित्रांच्या गॅलरीत रविवर्म्याची चित्रं बघून त्या दचकल्या. अक्कांच्या देवघरातली लक्ष्मी त्याच माणसाची, किळिमानूरच्या राजा रविवर्म्याची. त्यानं 1894 मध्ये मुंबईला छापखाना काढला, म्हणून ती आपल्या भिंतींवर आली. "म्हंजे आपन जायच्या आधीच ती आपल्याकडं येऊन बसली व्हती."

काकूंनी एवढ्यात विषय काढला, खर्च किती आला. अक्कांनी आकडा सांगितला नाही. मी पण विचारला नाही, कारण तो सूनबाईंकडून कळेलच.

"2030 ला परत जायचं हाय," अक्का म्हणाल्या. मुन्नारच्या डोंगरावर निळी कुरिंजी फुलते, बारा वर्षांतून एकदा. मागं 2018 ला फुलली, नेमका तेव्हाच ऑगस्टात तो मोठा पूर आला, बघायला जाणाऱ्यांचे हाल झाले. आता 2030. "आत्तापासून भिशी लावू. महिन्याला हजार. बारा बाया."

मी हो म्हटलं. काकूंनी लगेच विचारलं, पहिली भिशी कोणाची. अक्का म्हणाल्या, पहिली माझी, कारण कल्पना माझी. काकू म्हणाल्या, मग मी नाही. बारावी बाई कोण, यावर आता गल्लीत बोलणं चालू आहे, आणि कोपऱ्यावरच्या पाटलीणबाईंना घ्यायचं नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालंय. त्यांना अजून कोणी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.