बापापेक्षा तेरा वर्षांनी लहान

सेमाडोहात आमच्या घरी दोनच माणसं राहतात आणि दोघंही स्वतःला घरातलं कर्तं माणूस समजतात. बाबा ब्याऐंशी वर्षांचे, वनखात्यातून निवृत्त. मी सत्तावन्नचा, शाळामास्तर. आई गेल्यापासून स्वयंपाक मी करतो. म्हणजे बाबा खाटेवरून सांगतात आणि मी करपवतो. रात्री लाइन असली की मालिका, नसली की भांडण. पावसाळ्यात भांडणं फार होतात.

हल्ली मालिका म्हणजे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. 2001 ते 2005 या काळात ती अल्फा मराठीवर, म्हणजे नंतरच्या झी मराठीवर लागायची, तेव्हा मला ती परतवाड्याला पाहुण्यांकडे गेलो तरच दिसे. आता फोनवर दिसते. आबा टिपरे, त्यांचा मुलगा शेखर, सून, दोन नातवंडं आणि मुंबईतलं मध्यमवर्गीय घर. वाघ नाही, खून नाही, तीनदा वळणारी मानही नाही. तरी बाबा चष्मा पुसून बसतात.

परवा मी हिशेब केला. दिलीप प्रभावळकरांचा जन्म 1944 चा. मालिका सुरू झाली तेव्हा तेही सत्तावन्नचेच. मी मोठ्या उत्साहात सांगितलं, “बाबा, आबा झाले तेव्हा प्रभावळकर माझ्याच वयाचे होते.”

बाबांनी मला खालून वर न्याहाळलं. “त्याईले मेकअप लागला असंन. तुले नाही लागनार.”

बाबांचा सूड घ्यायला मी थेट लंडन गाठलं. 1962 साली बीबीसीवर ‘स्टेप्टो अँड सन’ सुरू झाली होती. भंगारवाला बाप आणि त्याच्या तावडीतून सुटू पाहणारा मुलगा, एका छपराखाली. 1964 च्या निवडणुकीच्या दिवशी ती संध्याकाळी लागली तर आपले मतदार घरीच बसतील, या धास्तीने विरोधी नेते हॅरल्ड विल्सन यांनी बीबीसीच्या प्रमुखांना गळ घातली आणि वेळ पुढे ढकलली गेली. मेळघाटात निवडणुकीच्या पेट्या पोचवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे पटेल असं वाटलं. पण बाबांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. बापाचं काम करणारा ब्रॅम्बेल 1912 चा आणि मुलाचं करणारा कॉर्बेट 1925 चा.

बाबांनी बोटं मोजली. “तेराव्या वर्षी लेकरू? केस होते बे!”

आमच्याही घरात भंगार आहे, फक्त आम्ही त्याला सामान म्हणतो. काच फुटलेला कंदील, तीन टॉर्च (एकही पेटत नाही), सायकलची चेन, रॉकेलचे डबे. काही फेकायला काढलं की बाबा म्हणतात, “राहू दे, कामी पडते.” चाळीस वर्षांत एकदाही पडलेलं नाही.

त्या इंग्रजी मालिकेच्या पहिल्याच भागात मुलगा घर सोडायला निघतो. बाप घोडा देत नाही, म्हणून सामान लादलेला गाडा तो स्वतःच ओढू पाहतो. गाडा हलत नाही. मी तो भाग पाहताना हसलो नाही. सात वर्षांपूर्वी अमरावतीला बदली मिळत होती. जीप दारात, ट्रंक टपावर. बाबा रडले नाहीत, अडवलं नाही. नुसतं आत जाऊन तो फुटका कंदील आणला आणि म्हणाले, “हे ने, घाटात लाइन नसते.” मी जीपवाल्याला अर्धं भाडं देऊन परत पाठवलं. बाबा मात्र अजून म्हणतात, “माह्यासाठी कोनं थांब म्हटलं व्हतं?”

आबा टिपरे रात्री रोजनिशी लिहितात. मालिका बेतली आहे तीच मुळी प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर. बाबाही लिहितात. नोकरीत रोजची दैनंदिनी भरायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. काल ते झोपल्यावर मी चोरून वही उघडली. माझ्याबद्दल काही हळवं सापडेल, अशी आशा होती.

कालच्या तारखेखाली तीन ओळी होत्या: ‘पाऊस मध्यम. वरणात मीठ जास्त. अस्वल आढळले नाही.’